मोनोवाय : आगगाडीने वसविलेले गाव

आपल्याकडे गाव आधी आणि वाट मागाहून, हा क्रम इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याचा मुद्दाम विचार कोणी करीत नाही. नदीचे वळण, बारमाही विहीर, एखादे जागृत दैवत किंवा देशमुखांची गढी यांच्या आश्रयाने चार घरे उभी राहावीत, चाराची वीस व्हावीत, आठवड्याचा बाजार भरू लागावा, आणि मग पुष्कळ पिढ्यांनंतर एखाद्या राजवटीला महसुलाच्या वा लष्कराच्या सोयीसाठी तेथवर सडक नेण्याची बुद्धी व्हावी, अशी आपल्या बहुतेक गावांची जन्मकथा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास गेली, ती ठाणे तेथे आधीपासून होते म्हणून. लोहमार्गाने ज्यांचे भाग्य पालटले अशी भुसावळ-मनमाडसारखी स्थळे आपल्याकडेही आहेत; पण तेथेही काही ना काही मौजे, काही ना काही पांढरी आधीची होतीच. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, म्हणजे इलिनॉयपासून नेब्रास्का-डाकोटापर्यंत पसरलेल्या गवताळ मैदानात, हा क्रम पुरता उलटा झाला. तेथे आधी रूळ आले. मग रुळांच्या कडेने ठरावीक अंतरावर स्टेशने आली. मग प्रत्येक स्टेशनासमोर एका मोजणीदाराने कागदावर गाव आखले, कंपनीच्या कचेरीतून त्याला नाव मिळाले, भूखंडांना क्रमांक मिळाले. आणि इतके सर्व सिद्ध झाल्यावर, सगळ्यांच्या शेवटी, तेथे माणसे आली.

अशा हजारो गावांपैकी एकाची ही हकीकत आहे. नेब्रास्काच्या उत्तर सीमेवर बॉइड नावाचा एक परगणा आहे आणि त्याच्या पूर्वभागात, मिसूरी व नायोब्रारा या दोन नद्यांच्या दुआबात, मोनोवाय हे गाव आहे. १९०२ साली 'फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिसूरी व्हॅली' या कंपनीचा फाटा तेथवर आला (या कंपनीचे नाव तिच्या कित्येक स्टेशनांहून लांब होते), त्याच साली गावाची आखणी झाली आणि त्याच साली तेथे टपालकचेरीही उघडली. पुढच्याच वर्षी ही कंपनी 'शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न' या बलाढ्य कंपनीत विलीन झाली, म्हणजे गावाचे जन्मदाते गाव रांगू लागण्यापूर्वीच नाहीसे झाले. १९३०च्या दशकात, ऐन भरभराटीच्या दिवसांत, येथील वस्ती दीडशेच्या आसपास होती. आपल्याकडे एवढ्या वस्तीला वाडी म्हणतात. येथे लढाई झाली नाही, तह झाला नाही, कोणी महापुरुष जन्मास आला नाही. परंतु मोठ्या घड्याळाच्या अंतरंगात जे दिसत नाही ते कधीकधी मनगटावरच्या लहानशा घड्याळाचे झाकण उघडले असता दिसते. ज्या अजस्र व्यवस्थेने एक अर्धे खंड पन्नास वर्षांत वसविले, तिची सगळी चाके या एवढ्याशा गावात उघडी दिसतात, आणि ती फिरायची थांबल्यावर मागे काय उरते तेही.

त्या व्यवस्थेचा आरंभ १८६२ सालचा. त्या वर्षी मुंबईत कापसाच्या भावाने भल्याभल्यांची डोकी फिरविली होती, कारण अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता. आणि त्याच वर्षी, त्याच युद्धाच्या धुमाळीत, वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने दोन कायदे संमत केले. २० मेच्या होमस्टेड कायद्यान्वये जो कोणी पाच वर्षे जमीन कसून तिच्यावर राहील त्याला नाममात्र शुल्कावर १६० एकर सरकारी जमिनीचा मालकी हक्क मिळावयाचा होता. १ जुलैच्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने रूळ टाकणाऱ्या कंपन्यांना सरकारी कर्जरोखे तर दिलेच, शिवाय दर मैलामागे मार्गाच्या दोन्ही अंगांस एकाआड एक अशा दहा चौरस मैल जमिनीचे दान दिले, आणि दोनच वर्षांनी ते दान दुप्पट केले. आमच्या जी. आय. पी. रेल्वेला ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या रयतेच्या खिशातून भरून निघावयाची, अशी ती सोय होती. अमेरिकेत सरकारने रोकड वाचविली आणि जमीन वाटली. परिणामी तिकडची रेल्वे कंपनी ही नुसती वाहतूकदार राहिली नाही. ती जमीनदार झाली, सावकार झाली, आणि वस्ती वाढविण्यातच तिचा स्वार्थ असल्यामुळे एका अर्थी वतनदार पाटीलही झाली. तिचे अडते स्वीडन, जर्मनी, बोहेमिया येथील खेडोपाडी हिंडून, नेब्रास्कात सोने पिकते अशा आशयाची रंगीत पत्रके वाटीत.

हे भूदान १८७१नंतर बंद झाले; मोनोवायचा फाटा निघाला तोवर कंपन्यांना फुकटची जमीन मिळण्याचे दिवस सरले होते. परंतु गावे आखण्याची विद्या मात्र आता परिपक्व झाली होती. तिचे पहिले सूत्र अंतराचे. धान्याने भरलेली घोडागाडी घेऊन शेतकऱ्याने सकाळी निघावे, माल उतरवावा, सौदा करावा आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, हे ज्या अंतरात साधेल त्याहून दूर स्टेशन असून उपयोगी नाही, कारण मग तो शेतकरी प्रतिस्पर्धी कंपनीच्या स्टेशनाकडे वळणार; आणि फार जवळही असून चालत नाही, कारण प्रत्येक स्टेशनामागे मास्तराचा पगार आहे. या हिशेबातून सात ते दहा मैलांचा टप्पा निघाला, आणि मैदानी प्रदेशाच्या नकाशावर गावे माळेतल्या मण्यांसारखी ओवली गेली. दुसरे सूत्र आकृतीचे. १७८५च्या भूमापन ठरावाने सगळी सरकारी जमीन आधीच सहा मैलांच्या चौकटींत आणि चौकटींतील छत्तीस चौरसांत कापून ठेवलेली होती. त्या चौरसांत कंपनीचा मोजणीदार आपले साचेबंद गाव बसवी. पूर्वी रूळ गावाच्या मधोमध घालीत. पुढे ध्यानात आले की त्यामुळे गावाचे दोन तुकडे पडतात व गाड्यांखाली माणसे येतात, तेव्हा रूळ आडवे, स्टेशन त्यांच्या काठाशी, आणि स्टेशनाच्या दारापासून काटकोनात निघालेली एकच मुख्य पेठ, अशी इंग्रजी 'टी' अक्षरासारखी रचना रूढ झाली. पेठेवरचे भूखंड अरुंद व महाग, कारण ते दुकानांसाठी; आडगल्लीतले रुंद व स्वस्त, कारण ते घरांसाठी; रुळांलगतची पट्टी कंपनीच्या ताब्यात, कारण धान्याची कोठारे, गुरांचे कोंडवाडे आणि कोळशाची वखार तेथे व्हावयाची. गाव कसे असावे याविषयी त्या मोजणीदाराला काही कल्पना होती असे म्हणणे कठीण. भूखंड कसे खपावेत याविषयी मात्र त्याची कल्पना अगदी स्वच्छ होती.

नावांच्या बाबतीत तर या कारखानदारीचा कळस झाला. बर्लिंग्टन कंपनीने १८७१-७२ साली लिंकन शहरापासून पश्चिमेकडे रूळ नेले तेव्हा स्टेशनांना बाराखडीप्रमाणे नावे देऊन टाकली: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनियाटा, केनिसॉ, लोवेल. मास्तराला आणि गार्डाला क्रम पाठ राहावा, एवढाच हेतू. यांतली काही गावे आज बऱ्यापैकी नांदती आहेत, इनलँड व लोवेल नावापुरती. परंतु त्यांपैकी एकाच्याही नावाला तेथील मातीचा, झाडाचा वा माणसाचा वास नाही. मोनोवायला निदान एका रानफुलाचे मूलनिवासी नाव लाभले असे सांगतात.

ज्याला अशा गावाचे हृदय म्हणावे ते म्हणजे स्टेशन, तिकडच्या भाषेत डेपो. कंपनीने एकच नकाशा मंजूर करून तो शेकडो ठिकाणी उभारलेला असे: लाकडी, कंपनीच्या ठरीव रंगाची, लांबट इमारत, एका टोकास उतारूंची खोली, दुसऱ्या टोकास मालाची, आणि मध्ये मास्तराची कचेरी, जिची खिडकी रुळांच्या बाजूस पुढे आलेली, म्हणजे खुर्चीवरून न उठता दोन्ही दिशांना दूरवर दृष्टी जावी. मास्तराचे बिऱ्हाड पुष्कळदा त्याच इमारतीत, माडीवर किंवा मागल्या खोल्यांत. टेबलावर तारायंत्राचा ठोकळा. त्याचा नाद मालखोलीतल्या खडखडाटात बुडून जाऊ नये म्हणून त्याच्यामागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा खोचून ठेवण्याची युक्ती सगळ्या देशभर चालू होती, आणि सराईत मास्तर दुसऱ्या कामात गुंतलेला असतानाही त्या डब्यातून उमटणाऱ्या कडकट्टांतून आपल्या स्टेशनाचे संकेतनाम नेमके टिपत असे. या नोकरीत स्त्रियाही पुष्कळ होत्या, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. मार्ग एकेरी, समोरून येणाऱ्या गाडीला कोठे थांबवावयाचे याचा हुकूम दूरच्या कचेरीतून तारेने येई, मास्तर तो पातळ कागदावर उतरवून घेई, वेताच्या लांब दांडीच्या कड्याला अडकवी आणि धडधडत येणाऱ्या एंजिनाच्या इतक्या निकट, फलाटाच्या कडेवर, ते कडे उंच धरून उभा राही की वाफेचा झोत त्याच्या अंगावरून जावा. एंजिनावरचा फायरमन दंड बाहेर काढी, कडे त्याच्या कोपरात अडके, तो कागद काढून घेई व रिकामे कडे पुढे कोठेतरी भिरकावून देई; ते शोधून आणण्यासाठी मास्तराला रुळांच्या कडेने चालत जावे लागे. आपल्याकडे एकेरी मार्गावर ड्रायव्हर जो 'गोळा' झेलीत असे, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना या प्रसंगाचे चित्र समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही.

मोनोवायसारख्या फाट्यावर स्वतंत्र उतारूगाडी आणि स्वतंत्र मालगाडी असा थाट बहुधा नसे. मालाच्या डब्यांच्या शेवटी उतारूंचा डबा लावलेली मिश्रगाडीच येई, आणि तिच्यातून काय उतरे व काय चढे याची यादी म्हणजेच गावाच्या संसाराचा जमाखर्च. उतरे ते: कोळसा, इमारती लाकूड, काटेरी तार, मीठ, रॉकेल, नांगराचे फाळ, टपालाच्या थैल्या, सीअर्स-रोबक यांच्या सूचिपत्रावरून मागविलेला शिवणयंत्राचा खोका, शाळेवर नेमलेली तरुण मास्तरीणबाई. चढे ते: मका, गहू, डुकरे, गुरे, आणि मलईचे डबे. या मलईच्या डब्यांविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण धान्याचा पैसा वर्षातून एकदा येई व तो बँकेच्या हप्त्यात जाई, परंतु दर आठवड्यास दुधावरची मलई वेगळी काढून, डब्यात भरून, डब्यावर नावाची चकती लावून दूरच्या क्रीमरीस धाडली म्हणजे चारसहा दिवसांत रिकाम्या डब्यासह जो धनादेश परत येई, त्यावर घरातील साखर, चहा-कॉफी, मुलांची पादत्राणे चालत, आणि तो पैसा बहुधा घरधनिणीच्या हातचा असे. फलाटावर रांगेने ठेवलेल्या या डब्यांवरून कोणाची गाय आटली आणि कोणाची व्याली हे मास्तराला समजत असे. निवडणुकीचे निकाल आणि बेसबॉलच्या सामन्यांचे आकडे तारेने प्रथम त्याच्याच टेबलावर येत, तेव्हा त्या संध्याकाळी सगळे गाव डेपोत. वेळसुद्धा तेथूनच मिळे: १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनी आपापसांत ठरवून देशाचे कालपट्टे पाडले आणि गावोगावची सूर्याची वेळ रद्द केली, सरकारी कायद्याने त्यावर शिक्का मारला तो पस्तीस वर्षांनी, १९१८ साली.

डेपोशेजारी दुसरी उंच वास्तू धान्याच्या एलेव्हेटरची. १८४२ साली बफेलो बंदरात जोसेफ डार्ट नावाच्या व्यापाऱ्याने वाफेच्या शक्तीने फिरणाऱ्या पट्ट्यावर बादल्यांची माळ लावून धान्य उचलण्याची युक्ती अमलात आणली. तिच्याच लहान आवृत्त्या पुढे प्रत्येक स्टेशनात उभ्या राहिल्या. शेतकऱ्याची गाडी खाली रिकामी होई, धान्य माळेने वर जाई, उभ्या कप्प्यांत पडे, आणि तेथून उतरत्या नळीने सरळ डब्यात. पोती नाहीत, हमाल नाहीत. सपाट मैदानात या वास्तू कित्येक कोसांवरून दिसतात, आणि देवळाच्या कळसावरून गाव ओळखण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्याला त्या पाहून क्षणभर चुकल्यासारखे वाटेल; पण तेथे पूज्य वस्तू तीच होती. वजन कोणाचे, प्रत कोण ठरविणार, वाहणावळ किती, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मात्र शेतकऱ्याच्या हाती नव्हती. १८६७ साली स्थापन झालेल्या शेतकऱ्यांच्या ग्रेंज संघटनेने याविरुद्ध उठविलेल्या रानामुळेच इलिनॉयने कोठारांचे दर कायद्याने बांधले, १८७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, १८८७ साली रेल्वेच्या दरांवर केंद्राची देखरेख आली, आणि १८९२ साली ओमाहा शहरी लोकपक्षाने भरविलेल्या अधिवेशनात रेल्वे सरकारने ताब्यात घ्यावी असाच ठराव झाला. मोनोवाय जन्मले तोपर्यंत ही रणधुमाळी ओसरली होती.

तथापि, रूळ येण्यापूर्वी तो दुआब निर्मनुष्य होता, असा समज वरील वर्णनावरून कोणी करून घेतला तर तो दोष लेखकाचा ठरेल. नायोब्रारेच्या मुखाजवळचा हा प्रदेश पोंका लोकांचा. १८५८च्या तहाने त्यांनी आपली बहुतेक भूमी सोडली व थोडीशी राखली. १८६८ साली फोर्ट लॅरमी येथे सू लोकांशी तह करताना सरकारने ती राखलेली भूमीही, पोंकांना न विचारता, सूंच्या नावे लिहून टाकली. कारकुनी चुकीचे खापर कारकुनावर फोडून प्रकरण मिटवावे तर तसेही झाले नाही; १८७७ साली चूक दुरुस्त करण्याऐवजी पोंकांनाच उचलून दक्षिणेस इंडियन टेरिटरीत हलविण्यात आले, आणि तेथील हिवतापाने व उपासमारीने अनेक दगावले. स्टँडिंग बेअर या त्यांच्या नायकाचा मुलगा मृत्युशय्येवर असताना, मला नायोब्रारेच्या काठी पुरा, असे बापाकडून वचन घेऊन गेला. १८७९च्या जानेवारीत, ऐन हिमवर्षावात, बाप मुलाच्या अस्थी घेऊन थोड्या माणसांनिशी उत्तरेकडे चालू लागला, आणि नेब्रास्कात पोचल्यावर सरकारच्या हुकुमाने पकडला गेला. ओमाहाच्या न्यायालयात न्यायमूर्ती एल्मर डंडी यांच्यापुढे तो खटला चालला, आणि १२ मे १८७९ रोजी निकाल लागला की इंडियन मनुष्य ही कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' आहे व तिला बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार आहे. एवढी साधी गोष्ट ठरवावयास न्यायालय लागावे याचे आज नवल वाटेल. मला अधिक नवल वाटते ते याचे की या नायकाची बाजू विनामूल्य मांडणाऱ्या दोन वकिलांपैकी एक, अँड्र्यू पॉपलटन, हे युनियन पॅसिफिक रेल्वेचे मुख्य वकील होते. इतिहासाची पाने इतक्या सरळ रेघेने आखलेली नसतात. या निकालानंतर बारा वर्षांनी, १८९१ साली, बॉइड परगणा अस्तित्वात आला.

याच फाट्यावर आणखी पुढे, दक्षिण डाकोटाच्या हद्दीत, रुळांनी जे घडविले ते अधिक नाट्यमय आहे. सू लोकांच्या रोझबड राखीव भूमीचा एक तुकडा १९०४ साली वसाहतीसाठी खुला झाला तेव्हा तो सोडत काढून वाटण्याचे ठरले, आणि दोन-अडीच हजार भूखंडांसाठी लाखाच्यावर अर्जदारांनी नावे नोंदविली. नावनोंदणीच्या ठिकाणांपैकी बोनस्टील हे तेव्हा आपल्या फाट्याचे अंतिम स्टेशन. तेथे जाणारी प्रत्येक गाडी मोनोवायवरून जाई, छपरापर्यंत भरलेली. पुढे रूळ आणखी पश्चिमेस सरकले तसतशी गावागावांत चुरस लागली. डॅलस गावाच्या चालकांनी, आयोवाच्या एका माजी गव्हर्नराच्या पुत्रांनी, रूळ जेथे येणार तेथे गावच उचलून नेले. ट्रिप परगण्याचे ठाणे असलेले लॅम्रो रुळांच्या वाटेबाहेर पडले, आणि ज्या नव्या जागी रूळ आले तिने आपले नावच 'विनर' ठेवले. लॅम्रोची घरे, दुकाने, शेवटी कचेऱ्याही तिकडे गेल्या. या सगळ्याचा साक्षीदार आगगाडीतूनच आलेला होता: ऑस्कर मिशो हा निग्रो तरुण पुलमनच्या शयनडब्यातील पोर्टरगिरी करून पैसा साठवून १९०५ साली ग्रेगरी परगण्यात जमीन घेऊन राहिला, आणि त्याने १९१३ साली 'द कॉन्क्वेस्ट' या नावाने जी कादंबरी प्रसिद्ध केली तिच्यात या गावांची नावे बदलून त्यांच्या रुळांसाठीच्या भांडणाचे वर्णन केले आहे. दुष्काळाने त्याची शेती बुडाली. पुढे तो कृष्णवर्णीयांसाठी चित्रपट काढणाऱ्यांचा अग्रणी म्हणून नावाजला.

रूळ न आल्याने काय होते याचे उदाहरण कॅन्ससमधील निकोडीमस. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या निग्रो कुटुंबांनी केंटकी सोडून १८७७ साली ही वस्ती वसविली. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या बिळांसारख्या खोल्यांत काढला, आणि शिकारीहून परतणाऱ्या ओसेज इंडियनांनी दिलेल्या मांसामुळे ती माणसे तगली. दहा वर्षांत तेथे दोन वृत्तपत्रे, हॉटेल, बँक, शाळा, चर्चे अशी पेठ उभी राहिली. १८८७ साली मिसूरी पॅसिफिकने रूळ आणावेत म्हणून गावाने सोळा हजार डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. कंपनी आली नाही. युनियन पॅसिफिक आली, परंतु सॉलोमन नदीच्या पलीकडून, आणि तिच्या बोग नावाच्या नव्या स्टेशनाकडे निकोडीमसचे दुकानदार १८८८ साली आपली दुकाने घेऊन निघून गेले. कोणी दावा लावावा असा त्यात अपराध नव्हता. नकाशावर नदीच्या या काठाऐवजी त्या काठाने ओढलेली रेघ, एवढेच. शेतकरी मात्र जमिनीला चिकटून राहिले. आज तेथे मोजकी घरे आहेत, १९९६पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, आणि दर वर्षी जुलैअखेर त्या कुटुंबांचे वंशज दूरदूरून आपल्या ग्रामोत्सवास येतात. रुळांवाचून मेलेले हे गाव रुळांनी वसविलेल्या पुष्कळ गावांपेक्षा अधिक जिवंत आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मोनोवायला रूळ मिळाले होते; त्याचा ऱ्हास निराळ्या चालीने, बिनबोभाट झाला. १८९६पासून टपाल शेताच्या दारात पोचू लागले होते, १९१३च्या आरंभी पार्सलेही पोचू लागली. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी निघाली, आणि ज्या सात-दहा मैलांच्या हिशेबावर गावांची माळ ओवली होती तो हिशेबच चुकू लागला. मोटार असलेला शेतकरी तीस मैलांवरच्या मोठ्या पेठेत जाऊ शकत होता. अमेरिकेतील लोहमार्गांची लांबी १९१६ साली दोन लक्ष चौपन्न हजार मैलांवर जाऊन पोचली आणि तेथून उतरणीस लागली. मग १९३०च्या दशकातील मंदी व धुळीची वादळे. मग ट्रॅक्टर, जो दहा माणसांचे काम एकट्याने करी, आणि ज्याच्यापायी शेते मोठी व खातेदार थोडे झाले. दुसरे महायुद्ध संपले, तरुण मंडळी शहरांत गेली. १९६० साली गावच्या चर्चमधून अखेरची अंत्ययात्रा निघाली. १९६७ साली टपाल खात्याने देशभर रेल्वेतून टपाल नेण्याचे बहुतेक करार मोडले, आणि त्याच वर्षी मोनोवायची टपालकचेरी बंद झाली. त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत शेवटचे किराणा दुकान गेले, १९७४ साली शाळा गेली, आणि त्याच दशकात रूळही उखडले गेले.

येथेच ही कथा संपावयाची. अशा शेकडो गावांची तेथेच संपली आहे. मोनोवायची संपली नाही, याचे कारण शुद्ध कायदेशीर आहे. ते नेब्रास्काच्या कायद्याप्रमाणे रीतसर स्थापन झालेले गाव होते, म्हणजे त्याला आपला कर बसविण्याचा, आपले दिवे लावण्याचा आणि आपले परवाने देण्याचा अधिकार होता. आणि हा अधिकार चालविणारे कोणी एक जोवर शिल्लक आहे तोवर तो रद्द होत नाही. २००० सालच्या खानेसुमारीत गावात दोन माणसे होती, एल्सी आयलर आणि त्यांचे पती रूडी. २००४ साली पती वारले, आणि २०१०च्या खानेसुमारीने मोनोवायची लोकसंख्या एक अशी नोंदविली.

तेव्हापासून बाई गावच्या सरपंच आहेत, चिटणीस आहेत, खजिनदार आहेत, ग्रंथपाल आहेत, आणि एकमेव करदात्याही आहेत. त्यांचा चरितार्थ गावातील मद्यगृहावर चालतो, जेथे आसपासच्या परगण्यांतील शेतकरी जेवावयास, पत्ते खेळावयास आणि बातम्यांची देवाणघेवाण करावयास येतात. मद्य व तंबाखू विकावयाचा परवाना दर वर्षी गावाकडून नूतन करून घ्यावा लागतो. तो अर्ज संस्थानाच्या कचेरीतून गावच्या चिटणिसाकडे येतो. चिटणीस या नात्याने बाई त्यावर सही करतात आणि दुकानदार या नात्याने तो स्वतःपासून स्वीकारतात. गावच्या चार पथदिव्यांसाठी संस्थानाचे अनुदान मिळावयाचे तर दर साली रस्त्यांचा आराखडा सादर करावा लागतो. तो त्या करतात, मंजूर करतात व पाठवितात. दिव्यांच्या व पाण्याच्या खर्चासाठी त्या स्वतःवर वर्षाकाठी सुमारे पाचशे डॉलर कर बसवितात व वेळेवर भरतात. थकबाकीदार नसलेली ग्रामसंस्था महाराष्ट्रात कोठे असल्यास ती मला पाहावयाची आहे. यात विनोद आहे खरा, आणि जगभरच्या बातमीदारांनी तो मनमुराद लुटला आहे. एका खाद्यकंपनीने तर जगातील सर्वांत मोठे जाहिरातपत्रक पसरण्यासाठी याच गावाची निवड केली. परंतु त्या कागदपत्रांकडे मी जेव्हा गंभीरपणे पाहतो तेव्हा मला असे दिसते की कंपनीने हे गाव निर्माण केले ते भूखंडांच्या विक्रीसाठी. त्याला गावपण आले ते मात्र पुढे, तेथील लोकांनी आपला कारभार आपण चालवू असे ठरविल्यामुळे. आणि रूळ गेले, माणसे गेली, तरी तो ठराव अजून कोणी रद्द केलेला नाही. रूडी वाचनाचे वेडे होते. त्यांची पाच हजार पुस्तके त्यांच्या पश्चात एका लहानशा लाकडी खोलीत लावून ठेवली आहेत आणि दारावर ग्रंथालय अशी पाटी आहे. आपल्या तालुक्याच्या वाचनालयांतही कित्येकदा दरडोई इतकी पुस्तके नसतात.

२०२०च्या खानेसुमारीचे आकडे बाहेर आले तेव्हा मोनोवायची लोकसंख्या दोन निघाली. बाईंना आश्चर्य वाटले, कारण हा दुसरा रहिवासी त्यांच्या पाहण्यात आलेला नव्हता, आणि त्या गावात तो लपून राहील अशी जागाही नाही. चौकशीअंती खानेसुमारी खात्याने खुलासा केला की लहान वस्त्यांच्या आकड्यांवरून व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून त्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ केलेली असते, आणि मोनोवायचे वाढीव माणूस त्या सरमिसळीतून आले असावे. एवंच, दहा वर्षांत लोकसंख्या दुप्पट करणारे हे गाव सरकारी दप्तरात तसेच नोंदलेले राहणार आहे, आणि ही सगळी खबरदारी ज्या एका व्यक्तीची ओळख गुप्त राहावी म्हणून घेतली गेली, तिचा पत्ता महामार्गावरून जाणाऱ्या कोणालाही माहीत आहे. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी नऊनंतर गेले तर दुकान उघडे असते.